मावशी रोज दुकान वाढवतात

चरित्र लिहिणाऱ्याने चरित्रात स्वतः लुडबुड करू नये, असे मी इतरांना नेहमी सांगत आले आहे. चेनवाल्या मावशींच्या बाबतीत मात्र मला मध्ये यावेच लागते. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या व्यवसायावर आलेले एकमेव संकट माझ्या अक्षरात लिहिलेले आहे, आणि अक्षर सुबक आहे.

मावशी बॅगांच्या आणि जाकिटांच्या चेनी दुरुस्त करतात. घड्याळजी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या बोळकांडीत चार फूट बाय तीन फुटांचा त्यांचा गाळा आहे. एक पक्कड, मेणबत्तीचा तुकडा आणि चेन ओढायच्या रनरने भरलेले सात डबे, एवढाच पसारा. ही विद्या त्यांना थोरल्या जाऊबाईंनी दिली. आता जाऊबाईंना दिसत नाही, तरी त्या मागच्या स्टुलावर बसून रनर नुसत्या बोटांनी चाचपतात आणि आकाराप्रमाणे डब्यांत टाकतात. दोघींचे घर या गाळ्यावर चालते.

मी त्या गल्लीत गेले ती एआय शिकवायला. माझा मूळ विषय जुन्या खासगी पत्रांतली बोलभाषा. पण एका संस्थेला 'उपेक्षित वस्त्यांमध्ये यंत्रबुद्धीची ओळख' या सहा सत्रांसाठी कोणीतरी हवे होते, आणि मला घरभाडे भरायचे होते. पहिल्या सत्राला वाचनालयाच्या खोलीत चार माणसे आली. त्यांतले दोघे पंख्यासाठी आले होते. मावशी आल्या त्या माझ्या प्रोजेक्टरच्या बॅगेची चेन अडकली म्हणून. मी 'माहितीचे वर्गीकरण' ही संकल्पना चौदा चित्रांतून समजावीत असताना त्यांनी चेनीवर मेण घासले, रनर पकडीत दाबला आणि बॅग उघडून दिली.

"मास्तरीणबाई, तुझं यंत्र वर्ग पाडतं म्हणजे आमच्या जाऊबाईंसारखंच की."

"तसं नाही हो मावशी, ते जास्त गुंतागुंतीचं असतं."

"जाऊबाईंचं काय सोपंय? बसून बघ एकदा."

मी हसले. हे हसणे पुढे महागात पडले.

तिसऱ्या सत्राच्या दिवशी मावशी एक कागद घेऊन आल्या. परवाना कार्यालयाने सगळ्या गाळेधारकांना यंत्रामार्फत फोन केले होते. यंत्र प्रश्न विचारते, उत्तर लिहून घेते, आणि कोणाची चौकशी करायची तेही तेच ठरवते. कागदावर लिहिले होते: 'आपण स्वतः दिलेल्या माहितीनुसार आपण दररोज सायंकाळी सात वाजता दुकान वाढवता. मंजूर जागेबाहेरील या विस्ताराबद्दल आपला परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा सोमवारच्या सुनावणीत करावा.'

"काय विचारलं होतं तुम्हाला?"

"दुकानाची वेळ. मी खरं तेच सांगितलं. वाढवायचं कुठे गं? पाय पसरले तर घड्याळजीच्या काउंटरखाली जातात."

मी तत्काळ कामाला लागले. दोन दिवस टेप घेऊन गाळा मोजला, तीनही बाजूंनी. झेरॉक्सवाल्याकडून गल्लीची जुनी छायाचित्रे मिळवली, त्यांवर तारखा टाकल्या, नकाशा काढला. एकोणीस वर्षांत गाळा बोटभरही सरकलेला नाही, हे मी सहा परिशिष्टांत सिद्ध केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सातवे मोजमाप घेत असताना जाऊबाई स्टुलावरून ओरडल्या, "अगं, किती वेळ मोजतेय ही? सात वाजले. वाढव आता दुकान!"

मावशींनी फळी लावली आणि कुलूप घातले.

टेप माझ्या हातातून सुटून सर्रकन आत गेला.

दुकान बंद करायचे म्हणू नये, वाढवायचे म्हणावे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. घरी बुटांच्या खोक्यात माझी साडेचारशे टिपणे आहेत. त्यांत निळ्या शाईत, पोटभेदांसह नोंद आहे: 'वाढवणे: बंद करणे, मोडणे, अभद्र बोलणे टाळण्यासाठी.' मी खोके उघडून खात्री केली. मग एका भयंकर शंकेने दुसरी फाईल उघडली. पाच महिन्यांपूर्वी संस्थेने मला दोनशे वाक्ये तपासायला दिली होती. त्यांवरून कुठलेसे यंत्र इथली भाषा शिकणार होते. कुठले, ते मी विचारले नव्हते. वाक्य क्रमांक एकशे त्रेचाळीस: 'मी रोज दुकान वाढवते.' अर्थ: विस्तार. पुढे हिरवी खूण आणि माझी सही.

संदर्भाशिवाय शब्दाला अर्थ नसतो, असे मी त्याच आठवड्यात एका चर्चासत्रात ठणकावून सांगितले होते.

तो कागद मी सातवे परिशिष्ट म्हणून सर्वांत खाली ठेवला. सहाव्यापर्यंतच काम भागेल, अशी आशा होती. मावशींना काही सांगितले नाही.

सोमवारी सुनावणीच्या खोलीत परवाना अधिकारी, मावशी, त्यांचा हात धरून आलेल्या जाऊबाई आणि मी. मी तिसऱ्या परिशिष्टातल्या सावल्यांच्या लांबीवर बोलत होते. अधिकाऱ्यांनी जांभई गिळली.

"मास्तरीण, बस जरा," मावशी म्हणाल्या. "साहेब, बांगडी वाढवली म्हणजे काय ती हातात मावेना झाली?"

साहेब दचकले. मग हसू आवरण्यासाठी त्यांनी नोटीस तोंडासमोर धरली. "अस्सं! आलं लक्षात. पण मावशी, मला कळून काय उपयोग? यंत्राला दिलेला अर्थ भाषेच्या जाणकारानं तपासून सही केलेला आहे. मी माझ्या अधिकारात तो खोडू शकत नाही. नोंद राहिली तर परवाना जाणार. त्या जाणकारानं चूक लेखी कबूल केली तर गोष्ट वेगळी. आता त्याला कुठे शोधायचं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिले. दोन दिवसांत सहा परिशिष्टे जमवणारी मी त्यालाही शोधून आणीन, अशी त्यांची खात्री होती.

मी चौथे, पाचवे आणि सहावे परिशिष्ट बाजूला केले आणि सातवे साहेबांपुढे ठेवले. "शोधायला नको. ती मीच."

कबुली मी तिथेच लिहिली. अर्ध्या पानात मावली. एवढे आटोपशीर मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. साहेबांनी नोटीस रद्द केली.

बाहेर व्हरांड्यात मावशींनी जाऊबाईंना बाकावर बसवले. मग म्हणाल्या, "म्हणजे नोटीस तू धाडलीस."

"हो."

"आणि वर दोन दिवस माझाच गाळा मोजलास."

"तीन बाजूंनी," मी म्हणाले. चौथी बाजू भिंत आहे, हे सांगायचा मोह आवरला.

"डोळे असून हिचं हे असं," जाऊबाई म्हणाल्या. "डबा चुकला, तर मी रनर परत काढते. हिनं सही केली."

मावशी हसल्या नाहीत. "गल्लीत आणखी नऊ जणांना कागद आलाय. घड्याळजी तर गाळा सोडायला निघालाय. त्यांचं काय? ती दोनशे वाक्यं आण. यंत्राच्या आधी आम्ही बघणार. साहेबांना तसं लेखी दे, तुझ्या त्या सुबक अक्षरात."

मी अर्ज लिहिला आणि गल्लीतल्या एकोणतीस जणांनी सह्या केल्या. नऊही नोटिसा थांबल्या. माझी उरलेली सत्रे आता गाळ्यासमोर होतात. चौदा चित्रे मी मिटवून टाकली. मी वाक्य वाचते, गल्ली अर्थ सांगते, आणि एकमत झाले की मावशी खडूने खूण करतात. मतभेद झाला, तर वाक्य जाऊबाईंकडे जाते. काल साठ वाक्ये झाली, अकरा चुकीची निघाली. सात वाजले, मावशींनी दुकान वाढवले.

मी कागद आवरले. "जाते मी."

"जाते काय? येते म्हणावं," मावशी फळी लावता लावता म्हणाल्या. "आणि तो शब्द कुठल्या डब्यात टाकलायस, तेही बघ जरा."

घरी येऊन पाहिले. वाक्य क्रमांक अठ्ठ्याऐंशी: 'बरंय, येते मी.' अर्थ: उपस्थित राहणार. हिरवी खूण. सही माझीच.