बाबांच्या माथी मारलेली चूक

डिचोलीजवळच्या आमच्या गावातून खाणीकडे जाणारा डांबरी रस्ता हल्ली ओसच असतो. त्याच रस्त्यावर गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या कुत्र्याला सायकलला जुंपलं.

फोनवर मी तसले व्हिडिओ बघत होतो. पुढे कुत्रा धावतोय, मागे सायकलवर माणूस, दोघंही खूश. आमचा कुत्रा दणकट, आणि ओढायची त्याला हौस. साखळी धरली की मलाच फरफटत न्यायचा. पेडण्याच्या ऑफिसात मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, रविवारी व्हिडिओ टाकतो म्हणून. पण ती कुत्री कसल्या हवेत, कसल्या वाटेवर धावतात, त्यांच्या छातीवर कसला पट्टा असतो, हे मी नीट पाहिलंच नव्हतं.

रविवारी उठायला उशीर झाला. निघेपर्यंत साडेदहा वाजून गेले. एप्रिलचं ऊन. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला नायलॉनचा दोर बांधून सायकलला अडकवला, त्याच्या पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्यांची पिशवी आवळली. सुरुवातीला तो असा काही उधळला की मी ओरडून हसलो. मग वेग उतरला. मी "चल, चल!" करत राहिलो आणि मी म्हणतोय म्हणून तो ओढत राहिला. शेवटी खाली बसला. मला वाटलं, हट्ट करतोय. मी दोराला हिसका दिला.

तो कुशीवर कलंडला तेव्हा त्याचे तळवे दिसले. कातडं सोलवटलं होतं. पाण्याच्या बाटल्या त्याच्याच पाठीवर होत्या आणि मी त्याला घोटभर पाणी दिलं नव्हतं. काजूच्या सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतलं, पाजलं, आणि उचलूनच घरी आणलं.

जनावरांच्या दवाखान्यात न्यायला गाडी काढली, तसे बाबा काही न विचारता मागे बसले, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. ते रोज दुपारी चहानंतर त्याला फिरवायला न्यायचे. आताशा त्यांना विसरायला व्हायचं. चष्मा कुठे, जेवलो की नाही, असं.

डॉक्टरीणबाईंनी तळवे पाहिले. "भर उन्हात डांबरावर कोणी नेलं याला?"

मी म्हणालो, "बाबा नेतात दुपारचे. काल नेलं असेल उन्हातच."

किती सहज आलं ते तोंडातून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "मीच नेलो आसतलो. माका हल्ली ध्यानात रवना नाय."

बाईंनी कुत्र्याच्या गळ्यावरचा वळ चाचपला. "नुसतं फिरवून असा वळ उठत नाही," त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघत. मी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडू लागलो.

त्यानंतर कुत्र्याला अंगणात न्यायलाही बाबांनी साखळीला हात लावला नाही. चहा घेऊन ओट्यावर बसून राहायचे. "नको," म्हणायचे, "परत चुकात माझ्या हातसून." चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं, दोराच्या हिसक्यासकट.

ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी इसारलंय नव्हतंय?"

"नाही, बाबा."

"चार दिवस मी तोच दिवस आठवतंय रे." एवढं बोलून ते उठले. पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मलमपट्टीला कुत्र्याला घेऊन मी एकटाच जात होतो. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओढायला त्याला आवडतं ना? मग ओढू द्या की. पण छातीवरून येणारा पट्टा घ्या, गळ्याला काही बांधू नका. मातीची वाट, गार वेळ. आधी रिकामी पिशवी, मग अगदी हलकं ओझं. आणि थांबायचं कधी, ते त्याला ठरवू द्या."

तळवे पुरते भरून यायला पावसाळा उजाडला. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली. आता उजाडताना बागायतीतल्या मातीच्या वाटेने तो मला हलकेच ओढत नेतो, मी मागे पायी. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत फक्त बाबांचा टॉवेल. बाबाही येतात. कुत्रा बसला की बाबा म्हणतात, "रव," आणि मी थांबतो. कधी कधी कुत्रा थकलेला नसतोच. वास घेत नुसता बसलेला असतो. तरी बाबा "रव" म्हणतात, आणि मी उभा राहतो. त्यांच्याकडे बघायचं मात्र अजून टाळतो.