बायबलबाईंनी घातलेलं पाणी

बायबलबाईंना हळू बोलता येत नसे. धारच्या मिशनच्या आवारात त्या फाटकाशी बोलल्या की विहिरीवर ऐकू येई. मी दुष्काळात आईबाप गेलेली पोर. मला त्यांनी वाढवलं. माया केली असं म्हणवत नाही. जेवायला घालीत, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेत, आणि एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

खेड्याखेड्यांत जाऊन बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. तिथे त्या तासतास बोलत. रविवारच्या उपासनेत मात्र त्यांना तोंड उघडायची परवानगी नव्हती. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे सतरंजीवर, आणि बोलायचं ते पाळकांनी. बाई म्हणत, "झाडाखाली बोलले तर सेवा, छपराखाली बोलले तर पाप."

पाळकसाहेब नगरकडचे, भला माणूस. ते म्हणत, "बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं शास्त्रात पौलाने लिहिलंय, बाई. मी काय करू?"

"पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असंही त्यानेच तीमथ्याला लिहिलंय. तो तुम्ही घेता का?"

पाळकसाहेब हसले. मंडळीचे पंच हसले नाहीत.

एका भाद्रपदात आम्ही दोघी भिलांच्या एका पाड्यावर अडकलो. नदीला पूर होता. तिथली एक बाई दोन वर्षं आमच्या बाईंकडे शास्त्र शिकत होती, ती तापाने शेवटाला आली. "बाई, म्हने वो पाणी दे दे," ती म्हणाली. "साहब कद आवेगा?" बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं ते पाळकसाहेबांनीच, आणि पुरातून त्यांना येणं शक्य नव्हतं. बाईंनी तांब्यातलं पाणी तिच्या कपाळावर घातलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने तिला बाप्तिस्मा दिला. दुपारी ती गेली.

पंचांनी बाईंना बोलावलं. ते पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, हे मंडळीपुढे कबूल करा. तोवर प्रभुभोजन बंद, मंडळीबरोबर प्रभूची भाकर घ्यायची नाही.

"मग मरणाऱ्या बाईला मी फसवलं, असंच ना? ते नाही म्हणणार."

"आज पाणी घातलंत, उद्या व्यासपीठावर चढाल," एक पंच म्हणाले.

"बोलावलंत तर चढेन."

त्यानंतरही प्रभुभोजनाच्या रविवारी त्या धुतलेलं पांढरं लुगडं नेसून येत आणि सतरंजीच्या टोकाला बसत. भाकरीची थाळी हातोहात येई, त्या न घेता पुढे देत. हळूहळू त्यांच्या हातून थाळी घ्यायला बायका कचरू लागल्या. शेजारी कुणी बसेना. मग थाळी त्यांच्यापर्यंत येईनाशी झाली. त्या येत राहिल्या.

मंडळीपुढे प्रश्नोत्तरं विचारून मला पहिल्यांदा प्रभुभोजनाला घेतलं त्या दिवशी बाई आधी जाऊन बसल्या होत्या. पदर आवरून त्यांनी शेजारी माझ्यापुरती जागा ठेवली होती. मी पुढे जाऊन शाळेच्या मुलींत बसले. तसं बस म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "उत्तरं नीट दिलीस." पुढे पानं घेतली, आम्ही जेवलो.

त्याच साली त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि एकट्याच बागलीकडे गेल्या. तिकडेच वारल्या. आम्हाला महिन्याने कळलं. लोक म्हणत, बाईंनी ठेवलेली जागा तुला गर्दीत दिसली नसेल.

दिसली होती.