रुख्मा कासारणीची गुंजन

सौंदडमध्ये रुख्माने जिच्या हातात बांगड्या भरल्या नाहीत, अशी बाई शोधूनच काढावी लागेल. बाजाराच्या दिवशी ताडपत्रीखाली दोन पेट्या उघडून ती बसली, की तिच्यासमोर बायांची गर्दी जमायची. हात दाबून, बोटं जुळवून ती काचेची बांगडी अशी चढवायची, की बाईला कळायचंसुद्धा नाही. आणि हात रुख्माच्या हातात असला, की बायांची तोंडं उघडायची. सासूचं, सुनेचं, दारुड्या दिराचं, सगळं ती ऐकून घ्यायची. एका बाजारातलं बोलणं दुसऱ्या बाजारात कधी नेत नव्हती, म्हणून तर तिच्यावर सगळ्यांचा भरवसा.

नवरा मनिराम धानाची शेती करायचा. थोडी घरची, थोडी ठेक्याची. रुख्मा आसपासच्या गावांचे बाजार करायची. एकच पोरगी, गुंजन, नववीत. अबोल, पण हुशार.

त्या दिवाळीला आंघोळीआधी तेल लावताना रुख्माची बोटं थांबली. गुंजनच्या डोक्यावर, भांगाच्या डाव्या बाजूला, चिंचोक्यापेक्षा मोठी जागा मोकळी होती.

"हे का झालं वं?"

"का मालूम," गुंजन म्हणाली आणि डोकं मागे घेतलं.

शेजारच्या गीताबाईने पाहताक्षणी सांगितलं, "चाई लागली वं पोरीले. कांद्याचा रस घासत जाय." रस घासून झाला, कोणी सांगितलेलं काळं तेल झालं. जागा कमी व्हायची सोडून वाढत गेली. शेवटी धानाची कापणी उरकल्यावर रुख्मा तिला घेऊन गोंदियाला चामडीच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "चाई असती तर जागा गुळगुळीत दिसली असती. इथे केस तुटलेले आहेत, कुठे लांब, कुठे आखूड. मुलगी स्वतः उपटते आहे. यावर माझं मलम चालणार नाही. मनाच्या डॉक्टरला दाखवा. आणि तिला रागावू नका."

रुख्मा रागावलीच. दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधीच.

"काऊन उपटते वं? कोनाचा राग काढून राहिली?"

"मी मुद्दाम नाही उपटत, आई." गुंजनच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात जाते. केस बोटात दिसला का मंग समजते."

घरी मनिरामने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पागलाच्या डॉक्टरकडे नेशील पोरीले? उद्या लगनाच्या वक्ताले कोनी विचारलं तं का सांगशील?" रुख्माच्या मनातही तीच भीती होती.

मग तिघं आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडला जाऊन आले. गडावर महादेवाला नारळ फोडला, दर्ग्यावर चादर चढवली. वर वारा छान होता. गुंजन त्या दिवशी हसली, डबा खाल्ला, आईबापांना फोटो काढायला लावले. रुख्माला वाटलं, सुटलो. दोन-तीन दिवसांनी झाडताना गुंजनच्या अभ्यासाच्या जागी केसांचा पुंजका सापडला.

तेव्हापासून रुख्माच्या तोंडी एकच झालं. "हात खाली!" जेवताना, अभ्यास करताना, टीव्ही पाहताना. गुंजन आईच्या नजरेआड बसायला लागली, धानाच्या पोत्यांमागे नाहीतर न्हाणीत. शाळेत ती ओढणी बांधून जायची. एका मुलीने मागून ती ओढली, आणि दुसऱ्या दिवसापासून गुंजनचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी दुखायचं, ती घरी राहायची, शाळा भरली की थांबायचं.

रुख्मा एकटीच गाडीत बसून गोंदियाला गेली, मनाचे डॉक्टर कुठे असतात ते विचारायला. सरकारी दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीवर ही मोठी रांग. नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने विचारलं, "किसको दिखाना है? क्या तकलीफ?" मागे सौंदडकडची एक ओळखीची बाई उभी होती. रुख्मा म्हणाली, "डोकं दुखते." आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी आली. बाजारभर बायांना बोलतं करणारी बाई, पण तिथे तिची जीभ उचलली नाही. गाडीत तिला स्वतःचंच हसू आलं, मग रडू आलं.

पुढच्या बाजारात रुची मॅडम आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, लग्नानंतर दर सणाला रुख्माकडूनच बांगड्या भरायच्या. त्या दिवशी रुख्माकडून एक बांगडी त्यांच्या हातावरच फुटली. थोडं खरचटलं.

"रुख्माबाई, असं कधी होत नाही तुमच्याकडून," त्या म्हणाल्या. "बरं नाही का?"

आणि इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या रुख्माने, रुची मॅडमचा हात हातात धरूनच, आपलं सांगितलं. खाली मान घालून, बांगड्यांकडे पाहत. केसांचं, पोटदुखीचं, डोकेदुखीच्या गोळ्यांचंही.

मॅडमनी ना तोंडावर हात ठेवला, ना हळहळ केली. म्हणाल्या, "माझ्या भाच्याला झोपच येत नव्हती. शाळेचं नाव काढलं की थरथरायचा. आम्हीही खूप भटकलो. मग एका नंबरवर फोन केला. सरकारचा आहे, टेलिमानस म्हणतात. एक-चार-चार-एक-सहा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलतात. आता लावून देऊ?"

"आत्ता? बाजारात?"

"तुमच्या पेट्यांपाशी मी बसते."

कांदेवाल्याच्या टेम्पोमागे उभी राहून रुख्मा बोलली. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून तरुण वाटली. तिने घाई केली नाही. पोरीचं वय विचारलं, झोप विचारली, जेवण विचारलं. पोरगी जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोलते का, तेही सरळ विचारलं. रुख्मा घाईने म्हणाली, "नाही जी, तसं नाही बोलत." मग त्या बाईने विचारलं, "आणि ताई, तुम्ही कशा आहात?" हे तिला घरात कोणी विचारलंच नव्हतं. रुख्माने टेम्पोच्या पत्र्याला हात टेकला आणि स्वतःचंही सांगितलं.

फोनवरून तिला कळलं की जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो, मुलांशी बोलणारे लोक असतात. आधी फोन करून वार विचारायचा, आणि चिठ्ठीच्या खिडकीवर फक्त विभागाचं नाव सांगायचं. तक्रार तिथे सांगावीच लागत नाही. परत येऊन पाहते तर रुची मॅडम एका म्हातारीला हिरव्या बांगड्या दाखवत होत्या आणि मापात पार गोंधळल्या होत्या.

मनिरामला तिने विचारलं नाही, सांगितलं. "मी गुंजनले घेऊन जाऊन राहिलो." ठरल्या दिवशी सकाळी तोच मोटारसायकलवरून दोघींना स्टेशनपर्यंत सोडून आला.

दवाखान्यात मुलांशी बोलणाऱ्या मंजू मॅडम वयाने रुख्माहून लहान होत्या. आधी त्यांनी गुंजनला एकटीला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर एक बाप आपल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत बसला होता, एक कॉलेजची मुलगी मोबाइल पाहत होती. कोणीच पागल दिसत नव्हतं. रुख्माला आपल्याच विचाराची लाज वाटली.

मग तिला आत बोलावलं. "हिच्यासारखी पुष्कळ मुलं येतात," मंजू मॅडम म्हणाल्या. "या सवयीला नाव आहे आणि त्यावर उपाय आहे. वेळ लागेल. आता काम दोघींनाही आहे. गुंजनचं काम, हात कधी जातो ते ओळखायचं. आणि तुमचं काम, 'हात खाली' म्हणायचं नाही."

"मंग मी का करू जी?"

"काहीच नाही. ते फार कठीण असतं."

हात कधी जातो, हे गुंजनला उमगायचंच नाही. तिनेच उपाय काढला. घरी आल्यावर आईच्या पेटीतून तिने काचेच्या बांगड्या घेतल्या आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत भरल्या. हात वर गेला की बांगड्या वाजायच्या, आणि ती मूठ आवळून धरायची, मॅडमनी शिकवल्यासारखी. शाळेत बांगड्या चालत नव्हत्या, तिथे ती बोटांत रबर फिरवत बसायची. मंजू मॅडमच्या सांगण्यावरून रुख्मा वर्गशिक्षिकेला भेटली, आणि ओढणीची परवानगी मिळाली. पोटदुखी लगेच गेली नाही. आधी ती अर्ध्या दिवसासाठी जायला लागली, मग पूर्ण.

रुख्माला सगळ्यात लागलं ते दुसरंच. घर संध्याकाळी रिकामं असतं तेव्हा हात जास्त जातो, असं गुंजनने मॅडमना सांगितलं होतं. बोल कोणी लावला नव्हता, तरी तो लागला. तिने सगळ्यात दूरचा एक बाजार सोडला. त्या वारी संध्याकाळी मायलेकी अंगणात वाल सोलत बसायच्या. बांगड्या वाजल्या तरी रुख्मा तोंड मिटून शेंग सोलायची. किती जड जायचं ते तिचं तिला माहीत.

तिसऱ्या खेपेला मनिरामही आला. तासभर खुर्चीच्या कडेवर बसला. निघताना दारातून वळला. "मॅडम, माही माय भुवया उपटे. आम्हाले वाटे, सवय हाय बुढीची. थे बी हेच होतं का जी?"

"असू शकतं," मंजू मॅडम म्हणाल्या.

"तिले कोनी कुठं नेलं नाही," तो म्हणाला. स्टेशनवर त्याने गुंजनला उसाचा रस पाजला, आणि गाडीत बापलेक खिडकीशी एकमेकांना टेकून झोपले.

थंडी सरेपर्यंत मोकळ्या जागेवर केस उगवले. आखूड, राठ, उभे. गुंजन आरशात त्यांना पाण्याने बसवायची, ते परत उभे राहायचे. गीताबाई म्हणाली, "कांद्याचा रस लागला बघ." रुख्मा हसली. मग म्हणाली, "नाही बाई, गोंदियाले मनाच्या डॉक्टरकडे नेतो तिले." गीताबाई जवळ सरकली आणि आपल्या बहिणीच्या नातवाबद्दल विचारत बसली.

परीक्षा जवळ आली तशी भांगाशेजारी पुन्हा छोटी जागा दिसली. रुख्माने ती पाहिली, पण 'हात खाली' म्हटलं नाही. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती बाजारासाठी पेट्या बांधत असताना गुंजन दप्तर पाठीवर टाकून दारात आली.

"आई, परत सुरू झालं. मंजू मॅडमले फोन लाव ना, कधी बसतात विचार."

रुख्माने पेटीची दोरी तशीच सोडली आणि फोन हातात घेतला.