अक्काआत्याचा दुटोकी शंख

अण्णांचा फोन आला तेव्हा मी सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "अक्का गेली गं... झोपेतच," एवढंच ते म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील, अक्का त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. रडू आलंच, पण त्यापाठोपाठ तिचा गेल्या गणपतीतला तो जिंकलेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि ऊर अभिमानानं भरून आला.

फुप्फुसाचा एक भाग काढल्यावर डॉक्टरांनी तिला श्वासाचा व्यायाम दिला होता. श्वास ओढून गोळे उचलायचं ते प्लॅस्टिकचं खेळणं तिला पोरकट वाटायचं. डॉक्टरांनाच विचारून आली आणि जाहीर केलं, यंदा आरतीला शंख मी फुंकणार. आमच्याकडे तो मान थोरल्या पुरुषाचा, म्हणजे अण्णांचा. ते काही शंख देईनात. मग अक्कानं शोकेसमधलं रामेश्वरहून आणलेलं समुद्री गोगलगायीचं हातभर लांब कवच काढलं. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळतं, चरख्याच्या चातीसारखं.

फुंकायला टोक कापावं लागतं. साध्या शंखाचं कुठलं ते सहज कळतं. इथे दोन्हीकडे टोकंच. शिवाजीनगरात फरशी कापणाऱ्याकडे तिनं ऐटीत खडूनं खूण केली, ती नेमकी चुकीच्या, शेपटीकडच्या बाजूला. कापून आणलं, फुंकलं, आवाज नाही. अण्णांना आनंद लपवता येईना. आता ठेव परत शोकेसमध्ये, म्हणाले.

"स्वल्प थांब अण्णा," ती आमच्या घरच्या कानडी वळणानं म्हणाली, "अजून एक टोक शिल्लक आहे."

तेही कापलं. मग श्रावणभर गच्चीवर सराव... कधी नुसतं फुस्स, कधी म्हैस हंबरल्यासारखं. खोकल्याची उबळ आली की खाली बसायची, पाणी प्यायची, पुन्हा उठायची. आणि आरतीला अण्णा शंख तोंडाला लावतात न लावतात तोच अक्कानं फुंकलं. घोगरा, लांबच लांब आवाज! समोरचे दुकानदार बाहेर आले. अण्णा स्वतःचा शंख फुंकायचंच विसरले. अक्काचे डोळे असे चमकत होते की तिला आजारी म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

परवा घरी गेले तर अण्णा गच्चीवर तेच कवच फुंकत होते. कान लाल झालेले, आवाज मात्र फुटत नव्हता. मला पाहून थांबले, धोतराच्या सोग्यानं ते पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"माझ्याच्यानं होत नाही," ते म्हणाले. "यंदा आरतीला तू फुंकायचं. आजपासून शिकायला लाग."