मुरमावरचं ज्यूट

दगडूतात्यांना नुसत्या वासावरून माती ओळखता यायची, असं ते स्वतःच सांगायचे. दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. खर्ड्याजवळच्या आमच्या वस्तीवर कुदळ मारली तर ठिणगी उडते. बायका चुलीला काडेपेटी वापरत नाहीत, नवऱ्याला खणायला लावतात. असल्या मुरमावर माझ्या या चुलत्याने ज्यूट लावलं!

झालं असं, की कांद्याच्या ट्रकबरोबर हा गडी एकदा बंगालला गेला. तिथं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ज्यूट सोलणारी माणसं बघितली आणि बियाण्याची पिशवी घेऊनच परतला.

"तात्या, तिथं नदीचा गाळ हाय, दमट हवा हाय," मी म्हणालो.

"माती ती मातीच! आन् दमट हवा काय, करता येती."

आणि केली! बांधावर चूल मांडून काकूच्या लग्नातली कढई दिवसभर उकळत ठेवली. रखमाकाकू म्हणाली, "अवो, रानाला चा पाजताय का?"

आमचं वारं असलं कोरडं, की वाफ कढईच्या काठावरच मेली. तिकडं ज्यूट दोन पुरुष उंच होतं. इथं गुडघ्याला आलं आणि लाजून थांबलं. शेळ्यांनीसुद्धा हुंगून तोंड फिरवलं.

पण एवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले! ज्यूट साठल्या पाण्यात कुजवल्याशिवाय धागा सुटत नाही, आणि आमच्याकडं साठलेलं पाणी म्हणजे वस्तीची एकुलती विहीर. काकू काठावर ठाण मांडून बसली. "प्यायचं पानी हाय ते. आदी मला ढकला, मग तुमच्या पेंढ्या."

तात्या गोड हसले. काकू जामखेडच्या बाजाराला गेली, तशा पेंढ्या विहिरीत! वास असा सुटला, की खर्ड्याच्या किल्ल्याने आपला दरवाजा आतून लावून घेतला. सगळी विहीर इंजिनाने उपसून फेकावी लागली. पुढचा पावसाळा येईतो वस्तीतल्या बायका लांबून हंडे वाहत होत्या. "नव्या कामात थोडं सोसावं लागतंच," तात्या बाजेवरून सांगायचे. हंडा त्यांनी एकही उचलला नाही.

त्या पिकातून सुतळीचा एक गुंडा निघाला. पाहुण्यांना दाखवायला तो त्यांनी खिळ्याला टांगला.

यंदा तात्या गेले. तिरडी बांधताना सुतळी कमी पडली, तसा कुणीतरी खिळ्यावरच्या गुंड्याला हात घातला. रडणारी काकू एकदम थांबली.

"ती नगं," ती म्हणाली. "वाटंत तुटली, तर उठून परत घरी येत्याल."