गोदाबाईंचा मासा आणि रेमाँसाहेबांची फाँदाँ

हडपसरला आमच्या कंपनीचं गेस्ट हाउस आहे. मशीन बसवायला परदेशातून येणारे इंजिनिअर तिथे महिना-दोन महिने राहतात. त्यांची व्यवस्था मी बघतो आणि स्वयंपाक गोदाबाई शेंडे बघतात. त्या भंडाऱ्याकडच्या, ढिवरांच्या घरातल्या. वडील तलावात जाळं टाकायचे. मुलीला पुण्यात नोकरी लागली म्हणून त्या इकडे आल्या. रुजू होतानाच त्यांनी मला बजावलं होतं, "साहेब, मटण, मच्छी, काहीपण रांधीन. पण दारूच्या गिलासाले हात लावणार नाही." गावातल्या बायांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या, तेव्हा ह्याच पुढे होत्या.

गेल्या हिवाळ्यात रेमाँ नावाचे स्विस इंजिनिअर आले. निवृत्तीआधीची त्यांची ही शेवटची फेरी. बॅगेत स्वेटरांत गुंडाळून त्यांनी पांढऱ्या वाइनच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या आणल्या होत्या. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातली ही वाइन, तिकडे तिला फाँदाँ म्हणतात.

पहिल्या रविवारी दुपारी त्यांनी एक उघडली. गोदाबाईंची सुट्टी होती, म्हणून मी हॉटेलातून बिर्याणी मागवली होती. दोन घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"पाणी," ते म्हणाले. "माझ्या भावाची वाइन इथे पाणी झाली."

भाऊ उन्हाळ्यात वारला होता. ही त्याच्या हातची शेवटची वाइन.

दुसऱ्या दिवशी मी हे गोदाबाईंना सहज सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. त्यांनी गोळ्याला पाण्याचा हात लावला. मग म्हणाल्या, "तिकडं हिच्यासंग काय खातात? विचारा बरं."

मी विचारून आलो. "उकडलेल्या बटाट्यांवर वितळवलेलं चीज. नाहीतर त्यांच्याकडच्या सरोवरातला मासा, लोण्यात परतलेला."

"तलावातला मासा?" त्यांचे हात थांबले. "मंग असं आधी सांगायचं ना!"

पुढच्या रविवारी सुट्टी असूनही त्या सकाळच्या बसने गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेल्या आणि जिवंत मरळ घेऊन आल्या. चिखलाचा वास जावा म्हणून मीठ आणि तांदळाचं पीठ लावून तो तीनदा धुतला. हळद, लसूण, लिंबू लावून तळला. रेमाँसाहेबांनी दुसरी बाटली उघडली, काटेसुद्धा चाटून पुसून ठेवले, तोंडभरून कौतुक केलं. मी खूश. गोदाबाई मात्र दारात उभं राहून ताटाकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"मासा आवडला त्यायले," आत येऊन त्या म्हणाल्या. "पण घोट घेतला की डोळे विझतात. माझी लसूण तिले दाबते."

मग त्यांनी केलं ते मी कधी विसरणार नाही. टेबल आवरताना थोडी वाइन उरलेला ग्लास उचलला, नाकापाशी नेला आणि डोळे मिटले.

"लय हलकी हाय हे. हिच्यासंग मसाल्यानं भांडू नये."

तिसऱ्या बाटलीच्या वेळी लसूण गेली, हळद गेली, लिंबूही गेलं. नुसतं मीठ, साजूक तूप आणि बाजूला मऊ भात. मला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं आणि मी तसं म्हणालोही. गोदाबाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. रेमाँसाहेबांनी घास घेतला, वर एक घोट घेतला आणि ते थांबले. पुन्हा घोट घेतला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आता ती माझ्या भावाची झाली," ते म्हणाले.

शेवटची बाटली परतायच्या दिवशी दुपारी उघडली. गोदाबाईंनी छोटे बटाटे सालीसकट उकडले आणि चीज तव्यावर वितळवून वर ओतलं. रेमाँसाहेबांनी त्यांना मोबाइलवर भावाचा द्राक्षमळा दाखवला. उभ्या डोंगरावर एकावर एक दगडी बांध होते.

"हे दगड कोणं रचले?" गोदाबाईंनी विचारलं.

"आजोबांनी. पडले की भाऊ दर हिवाळ्यात पुन्हा रचायचा. एकटाच."

मी मराठीत सांगितलं. त्या फोटोकडे बघत राहिल्या. रेमाँसाहेबांनी दुसऱ्या ग्लासात थोडी वाइन ओतून त्यांच्यापुढे धरली.

"मी पेत नाही," गोदाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या भावासाठी बसते."

आणि पदर खोचून त्या खुर्चीवर बसल्या. पाहुण्याच्या टेबलाशी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांच्यासाठीही ताट घेतलं आणि त्या दिवशी दोघांना मी वाढलं.