चोवीस तासांचा कागद

थोरला भाऊ जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि माझ्या छातीत ठोका चुकायला लागला होता. दोन-तीन ठोके सरळ पडत, मग अंधारात पायरी चुकावी तशी पोकळी, आणि मग एक दणका. भावालाही महिनाभर असंच होत होतं. पित्त असेल, असं मीच त्याला म्हणालो होतो.

आमच्या कळस गावाहून एसटीनं बारामतीला गेलो. डॉक्टरबाईंनी काढलेला कार्डिओग्राम नॉर्मल आला. मग त्यांनी छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला छोटं यंत्र अडकवलं आणि एक कागद दिला. चोवीस तासांत धडधड जाणवेल तेव्हा वेळ लिहायची, आणि आपण काय करत होतो तेही.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. वहिनी बोलत नव्हत्या, म्हणून कसं झालं ते मीच सांगायचं. प्रत्येकाला तेच. रात्री नीट जेवला, झोपला. सकाळी चहा घेऊन गेलो, हाक मारली, हात धरला तर गार. या वाक्याशी आलो की ठोका चुके. आत जाऊन मी लिहून यायचो. सव्वादोन, सांगताना. साडेतीन, सांगताना.

वायरी बघून शेजारचे तात्या म्हणाले, "मास्तर, आता थापा मारू नका, मशीन ऐकतंय." मग त्यांनी कागद वाचला. जाताना म्हणाले, "पाठचे भाऊ तुमी, काळीज हलणारच. हे दुःख हाय, आजार न्हाय."

मला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाईंनी माझा कागद संगणकाच्या पडद्याशेजारी ठेवला. माझ्या सातही नोंदींपाशी एखादाच जादा ठोका होता; त्याची काळजी नको, म्हणाल्या. मग त्यांचं बोट थांबलं.

"पहाटे पावणेपाचपासून वीस मिनिटं ठोके फार अनियमित आहेत. इथं काही लिहिलं नाहीत?"

"झोपलो होतो."

"काहीच जाणवलं नाही?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या आणि भाऊ कसे गेले ते विचारलं. मी सांगू लागलो. चहा, हाक, गार हात. तिथं येताच सवयीनं माझा हात छातीवर गेला. ठोका चुकला नाही. एकसारखा, सरळ पडत होता, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसेना.